दिसलं, ऐकलं, शंका आली

कापूस वेचणाऱ्या बायांचा दिवस काट्यावर संपतो. उन्हं कलली की एकेक जण ओटीतला शेवटचा कापूस गाठोड्यात रिचवते, चारी टोकं ओढून गाठ मारते आणि गाठोडं डोक्यावर घेऊन बांधाकडं निघते. बांधावरच्या लिंबाच्या फांदीला काटा टांगलेला असतो. अण्णा आकडा वाचतात, मी वहीत मांडतो. दसऱ्याला सोयगावला आलो की हे काम माझ्याकडं असतं. पोराच्या शिक्षणाचा घराला एवढाच उपयोग झाला, असं आई गमतीनं म्हणते. गमतीनंच म्हणत असावी.

काल २८, ३१, २६, ३३ असं चाललं होतं. मग एक मावशी आली. पातीला लागल्यापासून बाकीच्या बाया सतत बोलत असतात. सुनेचं बाळंतपण, बचत गटाचा हप्ता, पाचोऱ्याच्या दवाखान्यात गेलेले पैसे, कुणाच्या पोरीला पाहायला आलेले लोक. सगळं शिवार या बोलण्यावर चालतं आणि ते ऐकायला मला आवडतं. ही मावशी त्यात नसते. पातीच्या कडेला, दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत ती पुढं सरकत असते. कुणी काही विचारलं तर ‘हो’ नाहीतर ‘नाही’. तिचं गाठोडं टांगलं आणि काटा ४२ वर थांबला. अण्णांनी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. बायांनीही मान वळवली नाही, कारण हे रोजचंच होतं. ‘मावशी, वजन चांगलं आहे, पण तुम्ही पातीत बोलत नाही,’ असं तिला कुणीही म्हणालं नाही.

मला हे वाक्य, कापसाच्या जागी कोड घालून, अकरा वर्षांच्या नोकरीत सहा वेळा ऐकावं लागलं आहे.

घरात लॅपटॉपवर सहामाही मूल्यमापनाचा फॉर्म अर्धा भरून उघडा आहे. शेवटच्या रकान्यात ‘या काळात तुम्ही स्वतःची छाप कशी पाडलीत?’ असं विचारलंय. तीन दिवस तो रकाना कोरा आहे. छाप पाडणं म्हटलं की मला बैलांच्या पाठीवर पोळ्याला उठवलेले गेरूचे ठसे आठवतात, त्यापुढं विचार जात नाही.

नोकरी पुण्यात, हिंजवडीत. कंपनी कुठली हे सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या काचेच्या इमारतींच्या आत शिरलं की सगळ्या सारख्याच. सकाळी आमची उभ्याउभ्यानं बैठक होते. चौदा-पंधरा जण गोल करून उभे राहतात आणि प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढं सांगायचं असतं. कागदावर ही पद्धत चांगली आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण पाळी डावीकडून यायला लागली की माझं लक्ष दुसरं काही ऐकण्यात राहत नाही. मनात वाक्य जुळवायचं, पुसायचं, परत जुळवायचं. शेजारचा बोलत असतो तेव्हा छातीतलं ठोके देणारं यंत्र कानाजवळ येऊन बसतं. शेवटी पाळी येते आणि मी म्हणतो, ‘कालचं झालं. आजचं सुरू आहे.’ चार सेकंद. माझ्या आधीच्यानं दोन तासांचं काम पाच मिनिटं सांगितलेलं असतं, आणि ते सांगताना तो इतका प्रसन्न असतो की मलाही वाटतं, याचं काम मोठंच असणार.

एकदा आमच्यासाठी व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा ठेवली होती. प्रशिक्षकानं सुरुवातीलाच म्हण टाकली: बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. मग सगळ्यांना गोलात बसवून विचारलं, तुम्ही प्राणी असता तर कोणता असता? कुणी चित्ता झाला, कुणी गरुड, दोघं जण सिंह. मी बैल म्हणालो. मोठा हशा झाला, प्रशिक्षकानंही टाळी दिली, बर्फ फुटला म्हणाला. मी गंभीरपणे सांगितलं होतं.

ती म्हण मात्र डोक्यातून गेली नाही. माती खपते कशी? गिऱ्हाईकाला हातात घेऊन पाहता येत नसेल तरच ना. बाजारात ढिगाशी उभा राहून जो मूठभर धान्य तळहातावर घेतो, दाताखाली दाणा फोडतो, त्याला बोलणारा माती विकू शकत नाही. बोलण्याला भाव येतो तो माल दिसत नाही तिथं.

आमच्याकडं अजूनही पुष्कळ जण कपाशी चौफुलीनं लावतात. उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या आणि रेघ जिथं रेघेला छेदते त्या फुलीवर सरकी टोबायची. म्हणजे पुढं उभीही डवरणी होते आणि आडवीही. रोपं वर आली की बांधावर उभा राहिलेला कुणीही, अगदी एसटीच्या खिडकीतून जाणारासुद्धा, सांगू शकतो की रेघ कुठं डगमगली. ज्यानं ओढली त्यानं बोलायची गरज नाही. बोलून उपयोगही नाही. वाकडी रेघ दिवाळीपर्यंत शिवारभर साक्ष देत उभी असते. माझं काम याच्या बरोबर उलट. मी एखाद्या गुंतलेल्या हिशेबाची गाठ चार दिवस खपून सोडवतो, आणि ती सुटली की तिथं काहीच दिसत नाही. चांगलं झालेलं काम म्हणजे न आलेली तक्रार. तिचं वजन करायला लिंबाच्या फांदीला काटा नाही. मग वरच्या माणसानं करायचं काय? तो माणसांच्या तोंडाकडं पाहतो. त्यालाही मी आता फार दोष देत नाही.

आणि काटासुद्धा भाबडा नसतो, हे इथं वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हिवाळ्यात पहाटे वेचलेला कापूस दवानं जड असतो. काही बाया मुद्दाम उजाडायच्या आत येतात, काही मालक मुद्दाम ऊन चढल्याशिवाय पात धरू देत नाहीत. ऑफिसात काहींचं बोलणं मला या दवासारखं वाटतं. खोटं नसतं. नुसतं जड असतं. दुपारपर्यंत वाळतं.

भाषेनंही आमच्या जातीच्या माणसाची पंचाईत करून ठेवली आहे. नाटक पाहून आलेला माणूस ‘नाटकानं अंतर्मुख केलं’ म्हणतो तेव्हा ते कौतुक असतं. तोच माणूस ‘पोरगा जरा अंतर्मुख आहे’ म्हणतो तेव्हा ती मुलीकडच्यांना आधीच दिलेली सूचना असते. गावात तर तेवढाही मुलाहिजा नाही. घुमा, एककल्ली, मुखदुर्बळ, तोंडात मूग धरून बसलेला, आणि फारच माया आली तर ‘गरीब आहे हो बिचारा’. माणसांच्या स्वभावाचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल कार्ल युंगनं १९२१ च्या ग्रंथात मांडले ते मनाची ओढ कुणीकडं, आत की बाहेर, एवढं सांगायला. माणूस लाजाळू आहे, भित्रा आहे, की त्याला माणसं आवडत नाहीत, हे त्यात नव्हतं. अमेरिकेत सुझन केन यांचं ‘क्वाएट’ २०१२ मध्ये आलं आणि आमच्यासारख्यांना एकदम वकील मिळाला. मीही ते पुस्तक हातात आल्यावर दोन रात्रींत संपवलं आणि पुढची दोन-तीन वर्षं ‘मी इंट्रोव्हर्ट आहे’ हे वाक्य छत्रीसारखं वापरलं. पाऊस असो नसो, उघडायची.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि मी लॅपटॉप घेऊन सोयगावला आलो. पुढचे चौदा महिने इथूनच काम केलं. नेटवर्क गच्चीवरच धरायचं, म्हणून गच्चीवर पत्रे टाकून टेबल मांडलं. समोर वेताळवाडीचा डोंगर, त्याच्या पल्याड हळद्या घाट, खाली शेजाऱ्यांच्या कोंबड्या. ऑफिसचे पंधरा चेहरे पाटीवरच्या चौकोनांसारखे पडद्यावर. मला वाटलं होतं, आता सुख. झालंही. बैठकीत बोलायचं नसेल तर शेजारच्या पट्टीत लिहिता यायचं, आणि लिहिलेलं लोक वाचायचे. माझं म्हणणं पहिल्यांदा कुणी मध्येच तोडलं नाही.

एका संध्याकाळी अण्णा वर आले. दिवसभर त्यांनी जिन्यावरून येता-जाता ऐकलं होतं. सहा बैठका झाल्या होत्या त्या दिवशी. मी प्रत्येकीत दोन-चार वाक्यं बोललो असेन, पण इंग्रजीत, आणि मोठ्यानं, कारण आवाज तुटायचा. अण्णा कठड्याला टेकले. म्हणाले, ‘तू तर लई बोलतोस रे.’

मी हसलो. मग त्यांनी अगदी साध्या चौकशीनं विचारलं, ‘आणि काम कधी करतोस?’

या प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांच्या हिशेबी बोलणं हे कामाच्या आधी असतं, नंतर असतं, किंवा काम चालू असताना वरून वाहत असतं. पण ते स्वतः काम नसतं. पुण्यात ज्याचं बोलणं कमी पडतं म्हणून पुन्हा पुन्हा शेरा येत होता, तोच माणूस सोयगावच्या गच्चीवर बडबड्या ठरला. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या स्वभावाचं नाव मी दुसऱ्यांच्या मापानं ठेवून घेतलं होतं. इथं गप्प बसणं हा कुणाचा स्वभाव मानतच नाहीत. रात्री मक्याची राखण करायला दोघं माचाणावर बसतात आणि तासभर एकमेकांशी शब्द बोलत नाहीत. सकाळी दोघंही सांगतात, गप्पा मारत बसलो होतो. ओट्यावर चार म्हातारे संध्याकाळी बसतात, त्यांतला एक वर्षानुवर्षं नुसता सुपारी कातरतो. तो आला नाही तर बाकीचे तिघं त्याच्या घरी जाऊन बघून येतात. त्याला आतला-बाहेरचा कुणी ठरवलं नाही. तो कोण, कुणाचा, त्याची विहीर कधी आटली, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्यानं सांगायचं काही उरलेलं नसतं. ऑफिसात मला कुणी ओळखत नाही. तिथं प्रत्येकाला रोज नव्यानं स्वतःला सांगावं लागतं.

इथपर्यंत मी माझ्या बाजूनं लिहिलं. आता दुसरं.

चार वर्षांपूर्वी आम्ही एका ग्राहक कंपनीची बिलं काढणारी प्रणाली बदलत होतो. जुन्या गिऱ्हाइकांना मिळणारी सवलत नव्या यादीत आणताना ती काही नोंदींमध्ये दोनदा वजा होत होती. मला हे चाचणीच्या आकड्यांत दिसलं. सगळ्या नोंदींत नव्हतं, एका विशिष्ट तारखेआधीच्या नोंदींत होतं. दुसऱ्या दिवशी मोठी बैठक होती. आमचा सर्वांत वाक्पटू सहकारी आराखडा दाखवत होता, आणि खरं सांगतो, फार सुंदर दाखवत होता. शेवटी त्यानं विचारलं, कुणाला काही शंका? तीन सेकंद थांबला. ते तीन सेकंद मला अजून मोजता येतात. पहिल्या सेकंदाला मी वाक्य जुळवायला घेतलं. दुसऱ्याला वाटलं, माझंच चुकलं असेल. तिसऱ्याला वाटलं, नंतर मेल करू. ‘ग्रेट’ असं म्हणून तो पुढं गेला.

मेल मी केला नाही. आधी खात्री करू म्हटलं, मग दुसरं काम आलं. अकरा दिवसांनी ती बिलं लोकांकडं गेली. आठवडाभर रात्री जागून आम्ही ती निस्तरली, आणि ‘चाचणीत हे कसं सुटलं’ याची विचारणा झाली तेव्हा ठपका चाचणी विभागात नव्यानं आलेल्या एका मुलीवर पडला. तिच्या यादीत त्या तारखेआधीच्या नोंदी नव्हत्या. त्या घ्यायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तीही बोलणाऱ्यांतली नव्हती. विचारणेच्या बैठकीत तिनं एकदा मान वर केली, टेबलाभोवती पाहिलं आणि खाली घातली. मी त्याच टेबलाशी होतो. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून बंगळुरूला गेली.

तिथं माझी छत्री फाटली. बैठकीत गप्प बसणं हा स्वभाव असेल. पण दिसलेलं न सांगणं?

आमचा तालुका डोंगराच्या पायथ्याशी, जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला आहे. कागदोपत्री संभाजीनगरचे, पण बाजाराला आणि रेल्वेला पाचोरा-जळगावकडं तोंड करून बसलेलो. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात आहेत, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. अजिंठा गाव घाटावर सिल्लोड तालुक्यात, लेणी खाली आमच्याकडं. पाहुणे आले की त्यांना घेऊन जाणं हे आमचं पिढीजात काम. पाहुणे १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणीपाशी गर्दी करतात. मी अलीकडं १२ नंबरच्या लेण्यात जाऊन बसतो. तिथं चित्रं नाहीत, म्हणून माणसं नाहीत. समोरची भिंत केव्हाच कोसळलेली, आत एक चौकोनी दालन आणि त्याच्या तीन बाजूंना मिळून १२ खोल्या. प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे, झोपायचे. एका खोलीत दोघं, हे पाहिलं की हिंजवडीतल्या भाड्याच्या खोल्या आठवून हसू येतं. ख्रिस्तपूर्व काळातलं हे लेणं. भिक्षू वर्षभर हिंडत आणि पावसाचे तीन महिने एका जागी राहत, त्या वर्षावासासाठी असे विहार.

काम करायची जागा म्हणून या विहाराकडं पाहावं असं मला आमच्या ऑफिसच्या नव्या मजल्यामुळं सुचलं. तिथल्या भिंती काढून सगळा मजला मोकळा केला होता, माणसं एकमेकांशी बोलावीत म्हणून. झालं उलटंच. सगळ्यांनी कानात बोंडं घातली. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टाईन आणि स्टीफन टर्बन यांनी अशा मोकळ्या कचेऱ्यांत गेलेल्या दोन कंपन्यांतल्या लोकांच्या गळ्यात मोजणी-यंत्रं अडकवून पाहिली. २०१८ साली त्यांनी छापलं की समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि मेल-निरोप वाढले. भिंत काढली की माणूस स्वतःच भिंत होतो. विहार कोरणाऱ्यांना हे ठाऊक असावं. आत शिरायला खोली आहे, आणि खोलीचं दार उघडतं ते सगळ्यांच्या दालनात. दोन्ही आहे. दालनातून न जाता कुणालाही बाहेर पडता येत नाही.

मी तिथं बसून मौनाचं कौतुक करत राहिलो असतो, पण विनयपिटकातल्या महावग्गात एक हकीकत आहे, तिनं मला उठवलं. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावास एकत्र काढायचं ठरवलं. भांडणं होऊ नयेत म्हणून त्यांनी तीन महिने एकमेकांशी बोलायचंच नाही असं ठरवलं. व्यवस्था चोख लावली. भिक्षा मागून जो आधी परत येईल त्यानं आसनं मांडायची, पाय धुवायला पाणी ठेवायचं. जो शेवटी येईल त्यानं उरलेलं खाऊन भांडी आणि जागा साफ करायची. पाण्याचा घडा रिकामा दिसेल त्यानं भरायचा. एकट्याला उचलत नसेल तर हातानं खूण करून दुसऱ्याला बोलवायचं, तोंडानं नाही. काय सुंदर ऑफिस! वाचताना मला वाटलं, इथं नोकरी मिळाली तर पगार कमी चालेल.

वर्षावास संपल्यावर ते बुद्धांना भेटायला गेले आणि आम्ही किती सुखात राहिलो हे सांगितलं. बुद्ध रागावले. एका गोठ्यात गुरं राहतात तसे राहिलात आणि त्याला सुख म्हणता, असा त्यांचा रोख होता. त्यांनी हे मूकव्रत बंद केलं आणि त्याच्या जागी प्रवारणा सांगितली. वर्षावास संपताना सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि एकेकानं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, संघाला विनंती करायची की माझ्या वागण्यात तुम्हाला काही चुकीचं दिसलं असेल, माझ्याबद्दल काही ऐकलं असेल, किंवा काही शंका आली असेल, तर मला सांगा.

दिसलं, ऐकलं, शंका आली. मी हे तीन शब्द वहीत, कापसाच्या आकड्यांच्या पानामागं लिहून ठेवले आहेत. बोलावं कधी, याचं इतकं कमी शब्दांतलं माप मला कुठल्या कार्यशाळेनं दिलं नव्हतं. त्यात छाप पाडणं नाही. उत्साह नाही. चित्ता-गरुड नाहीत. आणि त्या बैठकीतल्या माझ्या तीन सेकंदांना त्यात कुठंही लपायला जागा नाही, कारण मला दिसलं होतं. आणखी एक गोष्ट: इथं बोलणाऱ्यानं हात वर करून संधी मागायची नसते. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच हात जोडून विचारतो, तेही थोरला आधी. आमच्याकडं मूल्यमापनात साहेब सांगतो आणि धाकटा ऐकतो. ‘कुणाला काही शंका?’ असं तीन सेकंद विचारणं आणि प्रत्येकानं आपल्या पाळीला थांबून विचारणं, यात अबोल माणसासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. विचारलं तर आम्ही सांगतो. निदान मी तरी सांगितलं असतं, असं मला वाटून घ्यायचंय.

ना. धों. महानोर याच तालुक्यातल्या पळसखेड्याचे. ‘रानातल्या कविता’ १९६७ मध्ये आल्या आणि पुढं आयुष्यभर ते त्याच शेतात राहिले. ते अबोल होते असं मी म्हणणार नाही, माझी त्यांची तेवढी ओळख नव्हती. पण विधान परिषदेत, जिथं बोलणं हेच काम, तिथं हा शेतकरी-कवी पाण्यावर आणि फळबागांवर बोलला, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय. लोक त्यांच्या कवितेबद्दल बोलतात. मी त्या भाषणांचा विचार करतो. शेतात जे दिसलं होतं ते नेऊन तिथं ठेवलं.

प्रवारणेचा दिवस म्हणजे आश्विन पौर्णिमा. आपली कोजागिरी. ती उद्या आहे. आईनं दूध जास्तीचं सांगून ठेवलंय.

आज दुपारी फॉर्म पुरा केला. शेवटच्या रकान्यात तीन ओळी लिहिल्या: कुठली गाठ सोडवली, ती सोडवली नसती तर काय झालं असतं, आणि त्याचा कागद कुठं आहे. वजन लिहिलं, दव घातलं नाही. पाठवून टाकला. त्यानंतरचं काम अवघड होतं. फोनमध्ये त्या मुलीचा नंबर अजून होता. चार वर्षांत एकदाही बोलणं नाही. वाढदिवसाच्या ठोकळेबाज शुभेच्छासुद्धा नाहीत. मी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. सकाळच्या बैठकीत मनात करतो तेच, फक्त आता बोटांनी. ‘नमस्कार, ओळखलंस का?’ हे काढून टाकलं. ‘तुला आठवत असेल तर’ हेही काढलं. शेवटी एवढंच राहिलं:

‘ती सवलत दोनदा वजा होतेय हे मला बिलं जायच्या अकरा दिवस आधी दिसलं होतं. मी बोललो नाही. त्या दिवशी टेबलाशीही बोललो नाही. चूक तुझी नव्हती. तुला काही सांगायचं असेल तर सांग.’

पाठवलं. दोन खुणा उमटल्या. थोड्या वेळानं निळ्या झाल्या.

शेताकडून बायांचं बोलणं जवळ येऊ लागलं होतं. अण्णांनी बांधावरून हाक दिली, ‘वही घेऊन ये रे, काटा टांगला.’ मी ‘आलो’ म्हणालो आणि उठलो नाही. तिच्या नावाखाली ‘टायपिंग’ आलं. गेलं. परत आलं. अण्णांनी माझी वाट न पाहता पहिलं गाठोडं टांगलं असावं, कारण खालून आकडा ऐकू आला, ३४. पडद्यावर ‘टायपिंग’ पुन्हा उमटलं, थांबलं, नाहीसं झालं. मी वही बगलेत धरली, फोन हातातच ठेवला आणि जिना उतरू लागलो.